खुंटी

“परत म्हणा! नुसतं ‘पाणी’ म्हणा परत!”

प्रोफेसर होलवेग पाद्री यौनानच्या पुढ्यात लहान पोरासारखे बसले होते. अख्खं आयुष्य मारबुर्गमध्ये सिरियाक ही प्राचीन भाषा शिकवण्यात गेलं, बायबलच्या जुन्या पोथ्या शब्दन् शब्द चाळल्या, पण ती भाषा जिवंत माणसाच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकत होते. दूर पूर्वेकडच्या उर्मियाहून चर्चसाठी मदत मागत आलेला हा म्हातारा त्यांच्याच टेबलाशी केक खात होता!

“माया,” यौनान आपल्या बोलीत म्हणाला आणि हसला. मग मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, “आमच्या बाया विहिरीवर असंच बोलतात. चला की, प्रोफेसरसाहेब! उद्या सकाळी निघतोय मी.”

होलवेगांनी बायकोकडे पाहिलं. ओटिलिएनं मान फिरवली.

तिच्या वडिलांनी मुलगी दिली, विद्यापीठातली आपली जागा मिळवून दिली, आणि मरताना शब्द घेतला: माझा सिरियाकचा शब्दकोश पुरा होईपर्यंत मेज सोडायचं नाही. तिथली रीतच ती. मुलीबरोबर सासऱ्याच्या कोशासाठी शब्द टिपलेल्या चिठ्ठ्याही जावयानं पदरात घ्यायच्या. एकोणतीस वर्षं झाली. दमास्कसला जायची संधी दोनदा आली, दोनदा गेली. “तुझ्या बापानं मला खुंटीला बांधलंय,” होलवेग जेवताना म्हणायचे. ती बिचारी ऐकून घ्यायची.

पाद्री गेला तशी ओटिलिए तरातरा वर गेली. तासाभरानं उतरली ती पेटी ओढतच.

“ऊठ, ट्राउगॉट. लोकरी मोजे घातलेत, पोटाचं औषध घातलंय. जा तू.”

“आणि कोश?”

“खड्ड्यात गेला कोश! बाबांची मुलगी आहे मी. मी सोडते तुला त्या शब्दातून.”

होलवेगांनी पेटीला हात लावला. मग नजर चिठ्ठ्यांच्या कपाटाकडे वळली.

“पण कोशातलं हे अक्षर अर्ध्यावर आहे. शिवाय रजा...”

“मिळेल. डीनच्या बायकोशी बोलते मी.”

“तसं नव्हे गं...”

भीती वाटत होती त्यांना; साधी, लाजिरवाणी भीती. त्या विहिरीवरच्या बाया भराभरा बोलतील आणि आपल्याला ओ की ठो कळणार नाही. मग या साऱ्या वर्षांचं काय करायचं?

“म्हणजे बाबांनी नव्हतंच बांधलं,” ओटिलिए म्हणाली. “आणि मी मात्र त्यांच्या वाटचं ऐकून घेत राहिले, ट्राउगॉट. रोज.”

ती पेटीवरच बसली. होलवेग मेजाशी गेले, तिच्याकडे पाठ करून बसले आणि कोऱ्या चिठ्ठीवर आजची तारीख घातली.