उभी भाकरी

टोस्टर आमच्या घरी आला तो माझ्या सासूबाईंचा गॅस बंद झाला म्हणून. अक्कम्मा त्यांचं नाव. मूळच्या अक्कलकोटकडच्या, माहेरी सगळं कानडी, त्यामुळं त्यांची मुलं त्यांना अव्वा म्हणतात आणि मीही अव्वाच म्हणते. मी वैजयंती. कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे आणि तोंडाची फटकळ आहे. हे तिथं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तुम्हालाही आधीच सांगून ठेवते.

झालं होतं असं. उन्हाळ्यात एका दुपारी अव्वांनी दूध तापत ठेवलं आणि गॅलरीत वाळत घातलेल्या मिरच्या हलवायला गेल्या. मागं दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. अव्वा परत आत आल्या आणि स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसून लसूण सोलायला लागल्या. समोरच्या मायाक्काला जिन्यात वास लागला. ती धावत आली, खिडक्या उघडल्या, शेगडी बंद केली. अव्वा तिलाच विचारतात, काय झालं गं, एवढी का पळत आलीस?

माझा नवरा शिवपुत्र त्या दिवसापासून घाबरलाच. त्याचा औषधांचा घाऊक धंदा आहे, दिवसातून दहा डॉक्टरांशी बोलतो, त्यामुळं निम्मा डॉक्टर आपणच आहोत असं त्याला वाटतं. म्हणाला, अव्वाचं डोकं आता साथ देईना. घरात नुसता गॅस भरलाय आणि ही लसूण सोलत बसते म्हणजे काय? त्यानं लगेच मोहोळला धाकट्या भावाला, बसूला फोन लावला. बसूच्या घरी दिवसभर माणसं असतात. तो बिचारा म्हणाला, कधीही आणून सोड.

अव्वा ऐकत होत्या. एवढंच म्हणाल्या, "मी हितंच बरी हाय."

मला त्यांचं म्हणणं कळत होतं. बसूची बायको चांगली आहे, पण तिच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. तिथं गेलं की बसायचं, ताट येणार, ताट जाणार. आमचं हे घर अव्वांनी आणि मामंजींनी उभं केलं. ओट्याची उंचीसुद्धा अव्वांच्या मापाची आहे. तेवीस वर्षं मी त्यावर वाकून कणीक मळतेय आणि माझी कंबर गेलीय, ते वेगळंच.

मग ठरलं असं, की आम्ही दोघं बाहेर पडताना गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवायचा आणि कपाटाला कुलूप घालायचं. रोज सकाळी सासूच्या डोळ्यांदेखत कुलूप घालायचं काम माझ्याकडं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अव्वांनी जेवणच तोडलं. मी करून ठेवलेली भाजी संध्याकाळी तशीच असायची. विचारलं तर म्हणायच्या, "चव न्हाई." आता माझ्या हाताला चव नाही हे मी लग्नापासून ऐकत आले आहे, म्हणून मी रागच धरला आणि पुढं काही विचारलं नाही.

आमची आरोही पुण्याहून आली, तिनं आजीची अवस्था बघितली आणि जाताना आपला टोस्टर ठेवून गेली. "आजी, ह्यात विसरण्यासारखं काहीच नाही. दांडी खाली दाबायची. भाजलं की आपोआप वर येतं, आपोआप बंद होतं."

शिवपुत्रानं तेवढ्यात अट घातली. "दिवाळीपर्यंत बघू. ह्यावर नीट चाललं तर अव्वा इथं राहील. ह्यातही गोंधळ झाला तर बसू येऊन घेऊन जाईल." अव्वांनी मान हलवली. परीक्षेला बसलेल्या पोरीसारख्या त्या टोस्टरसमोर बसल्या आणि मला हसू येईना.

पहिल्या दिवशी स्लाइस ब्रेड. त्याचं बटण एकपासून सहापर्यंत फिरतं. मी तीनवर ठेवून दाखवलं. छान बदामी टोस्ट वर आला. अव्वांनी तो हातात घेतला, कानाशी नेला आणि मोडला. परत आत घातला, सहावर. काळपट कडा झाल्यावर मग खाल्ला. मी म्हटलं, अहो अव्वा, जळका खाताय. म्हणाल्या, "आता जरा कायतरी खाल्ल्यागत वाटतं."

मग आमच्या घरात जे जे म्हणून पिठाचं येईल ते त्या टोस्टरात जायला लागलं. लादीपाव अख्खा जाईना, तेव्हा सुरीनं आडवा कापून दोन भाग केले. त्याची कापलेली बाजू झकास भाजते, पण वरची बाजू चामड्यासारखी राहते, म्हणून अव्वांनी तो उलटून दुसऱ्यांदा घातला. गोड बन घातला तर त्यातली साखर जळून तारेला चिकटली, ती मी रविवारी सुट्टीचा निम्मा दिवस घालवून खरवडली. चपातीची चौघडी घालून बघितली तर मधली घडी ओलीच. सुटी चपाती घातली तर ती आत वाकडी होऊन बसली. रोज संध्याकाळी खालचा ट्रे ओढून चुरा मी टाकायचा आणि बडबड करायची. कडक झाल्याशिवाय त्या काहीच तोंडात घालत नव्हत्या. आणि आधी कानाशी मोडायचं. मला त्या सवयीचा भयंकर वैताग यायचा. वाटायचं, शिवपुत्र म्हणतो ते खरं असावं.

कडक भाकरीचा पुडा मी आणून दिला होता. सोलापुरात काय, दुकानादुकानांत मिळते. शेंगाचटणी आणि दह्याबरोबर खाल्ली त्यांनी, दोन खाल्ल्या. पण दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "विकत आणून खायला मी पाव्हणी हाय का घरात?"

एकदा संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि अव्वा रिकामा टोस्टर लावून त्यात वाकून बघत होत्या. आतल्या तारा लाल झाल्या होत्या. मी ओरडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "वैजू, ही चूल हाय की."

"चूल कुठली?"

"अगं, चुलीम्होरं लाल इंगळ ओढायचो, आन् तव्यावरची भाकरी त्यास्नी टेकून उभी करायचो. उभी भाजती तवाच ती कडक होती. गॅसवर आडवी कुटं होती? हितं बघ, उभं करायला जागाच ठेवलीया."

कित्येक महिन्यांत त्या एवढं सलग बोलल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, उद्या माझ्यासाठी लहान लहान थाप, ह्या भोकात जातील एवढ्या, पातळ, आणि तव्यावरून जरा कच्च्याच काढ. पुढचं मी बघते. मी कुरकुर केली. सकाळी मला आठला घर सोडायचं असतं, त्यात बाहुलीच्या भाकऱ्या कोण थापत बसणार? पण इतक्या दिवसांनी बाईनं काहीतरी मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी शिवपुत्र बाहेर पडल्यावर मी थापल्या. कडेला फाटल्या, माझ्या फाटतातच. ताटलीत काढून दिल्या, रेग्युलेटर काढला, कुलूप घातलं आणि निघाले.

खाली गाडीशी पोचले तर मोबाईल वरच राहिलेला. शिव्या घालत परत जिना चढले. पहिल्या मजल्यावरच जळकट वास आला. दुसऱ्या मजल्यावर मायाक्का दार उघडून उभी. "वैजू, तुमच्याकडं काय जळतंय गं?"

किल्ली कुलपात जाईना. एकच डोक्यात, की आता अव्वांना मोहोळला जावं लागणार, आणि मीच थापून दिल्या होत्या त्या भाकऱ्या.

आत गेले तर स्वयंपाकघरात धूर होता. खिडकी सताड उघडी. टोस्टरचं भिंतीवरचं बटण बंद, वायर उपटून बाजूला ठेवलेली. अव्वा हातात चिमटा घेऊन शांतपणे उभ्या होत्या.

"फुगली," त्या म्हणाल्या. "तुझी भाकरी फुगली कधी न्हवं ती. आतच अडकली. दांडी वर येईना, आन् तार लालच. म्हणून बटण बंद केलं, वायर काढली. आता निवल्याबिगर हात लावायचा न्हाई."

मी खुर्चीत बसले. ज्या गोष्टीनं आपोआप बंद व्हायचं ती झाली नव्हती, आणि जिचं डोकं चालत नाही म्हणून आम्ही कुलूप घालत होतो तिनं एकेक गोष्ट बरोबर क्रमानं केली होती. तरी माझं तोंड गप्प बसतंय होय?

"अहो, खालपर्यंत वास येतोय! वास लागला तेव्हाच बंद नाही करायचं? एवढा धूर होईपर्यंत वाट कशाला बघितली?"

"धूर दिसला तसं केलं की."

"दिसायच्या आधी वास येतो अव्वा."

त्यांनी चिमटा ओट्यावर ठेवला. "मला कुटं येतो वास," म्हणाल्या. "करोना झाला, तवापासून न्हाई. तुमच्या सगळ्यांचं नाक गेलं आन् परत आलं. माझं आलंच न्हाई."

तेव्हा कुठं मला उलगडलं. दूध उतू गेलं त्या दिवशी बाई गॅसमध्ये बसून लसूण सोलत होती, कारण तिला गॅसही कळत नव्हता आणि लसूणही. माझी भाजी तिला मातीसारखी लागत होती. खाण्यातलं काही कळायचं ते एवढंच, की दाताखाली मोडतंय आणि कानाला ऐकू येतंय. मला रडू कोसळलं. अव्वा म्हणाल्या, ऑफिसला उशीर होतोय, डोळे पूस आणि जा.

मी गेले नाही. रजा टाकली.

संध्याकाळी शिवपुत्र आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. लपवलं असतं तर मायाक्कानं सांगितलंच असतं. तो पहिलं काय म्हणाला असेल? "बघ, मी म्हणत होतो."

मग मी सुटले. "तू काय म्हणत होतास? डोकं गेलं म्हणत होतास. डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा बरं आहे. गेलंय ते नाक. दहा डॉक्टरांशी बोलतोस ना रोज, एकाला तरी विचारलंस?"

त्याला पटेना. हिंगाची डबी घेतली, अव्वांना डोळे मिटायला लावले, झाकण काढून नाकाखाली धरली. साऱ्या खोलीत हिंगाचा भपकारा. "अव्वा, काय आहे सांग."

"हिंगाची डबी हाय," अव्वा म्हणाल्या.

शिवपुत्रानं माझ्याकडं विजयानं बघितलं.

"खडे खुळखुळले की उचलताना," अव्वा डोळे मिटूनच पुढं म्हणाल्या. "आता उघड लवकर."

डबी तर त्यांच्या नाकाला टेकली होती. शिवपुत्रानं ती हळूच खाली ठेवली आणि झाकण लावलं. मग विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगून? एकेक गेलेलं सांगत बसले असते तर मला कवाच मोहोळला धाडलं असतं तुमी."

तो उठून गॅलरीत गेला. बसूशी बोलत होता, ते ऐकू येत होतं. "नको येऊस. अव्वा इथंच राहील." गॅस सुटला की कोकलणारं एक यंत्र मिळतं म्हणे, ते उद्याच बसवतो असंही सांगत होता. मी कपाटाचं कुलूप काढलं, रेग्युलेटर आणला आणि अव्वांच्या हातात दिला. लावला त्यांनीच.

अव्वांनी सकाळच्या उरलेल्या भाकरीला काट्यानं टोचून टोचून भोकं पाडली, म्हणजे आता फुगायला नको, आणि टोस्टरात उभी केली. शिवपुत्र आत येऊन ओट्याशी उभा राहिला. दांडी वर आली. अव्वांनी भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. तो तोंडाकडं न्यायला लागला तर त्यांनी त्याचा हात धरला.

"थांब. हितं मोड. कानापाशी."

तो पोक्त माणूस ओट्याशी वाकला आणि आईच्या कानाजवळ त्यानं भाकरी मोडली. कडकन आवाज आला.

"हां, झाली," अव्वा म्हणाल्या. "आता खा. आन् वास कसा हाय ते सांग मला."