किल्लीवाल्याचं नापास होणं

किल्लीवाला पुन्हा नापास झाला, आणि तेही मुद्दाम. या वयात नापास होण्याचा कसला हा सोस, असं कुणीही विचारेल. पण बायको गेल्यापासून दिवसभर दुकानात किल्ल्या घासायच्या आणि घरी येऊन भिंतींची तोंडं बघायची, यापलीकडे त्याला उरलं होतं काय? औषधाच्या दुकानावरच्या खोलीत मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा, तेवढाच एक आधार. पास झालं की वर्ग सुटला. मग कशाला होतोय तो पास!

त्याच्या शेजारी शिलाईवाल्या बाई बसायच्या. त्यांची नात परदेशात वाढलेली, तिला आजीचं बोलणं कळेना, म्हणून बाई हट्टाने शिकत होत्या. शेजारचा माणूस अगदीच ढ आहे असं त्यांना वाटे, आणि त्यानेही ते वाटू दिलं. मधल्या सुट्टीत चहा पिताना तो तोंड पाडून म्हणायचा, सी, लुक आणि वॉच, तिन्ही म्हणजे बघणंच ना? झालं, बाईंना चेव यायचा. अहो, समोर आलं म्हणून दिसलं ते सी. मान वळवून मुद्दाम बघितलं ते लुक. आणि दूध उतू जाईल म्हणून त्याच्यावर डोळा ठेवून उभे राहिलात, ते वॉच! कधी त्या स्वतःच घसरायच्या. मग हा वेड पांघरून पेडगावला जायचा, असा काही भोळा प्रश्न विचारायचा की बाई आपली चूक आपणच सुधारायच्या. तेवढ्या चहापुरतं का होईना, कुणीतरी त्याच्यावर चिडत होतं. घरी चिडायलाही माणूस नव्हतं.

पण दुसऱ्याला समजावता समजावता माणूस स्वतःच शिकतो, हे काही याच्या टाळक्यात शिरलं नाही. निकाल लागला आणि बाई पहिल्या आल्या. गड्याने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

जिन्यातच बाईंनी नातीला व्हिडिओ कॉल लावला. न अडखळता इंग्रजीत सांगितलं, मी पास झाले, पण माझा विद्यार्थी पुन्हा राहिला. डोक्याने जरा मंद आहे, पण मनाने फार चांगला. घरी त्याचं कुणी नाही गं. आता त्याच्याजवळ कोण बसेल, याचंच मला वाईट वाटतंय.

शब्द न् शब्द त्याला कळला. तरी काहीच न कळल्यासारखा तो उभा राहिला. इतके दिवस केलेलं सोंग आता कुठल्या तोंडाने उतरवणार? खरं सांगितलं असतं, तर बाईंच्या मनात ते सगळे चहा खोटे झाले असते.

"तिला म्हटलं, पुढच्या खेपेला तुम्ही नक्की पास होणार," बाई मराठीत म्हणाल्या आणि फोन त्याच्यासमोर धरला.

पोरीने त्याच्याकडे नीट बघितलं. मग इंग्रजीत विचारलं, आजोबा, तुम्ही रडताय का?

किल्लीवाला बाईंकडे वळला. "काय म्हणतेय ती?"

बाईंनी मान वळवून त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. "विचारतेय, तुम्ही बरे आहात ना?"

"बरा आहे म्हणावं," तो म्हणाला.