पाणी नसतानाही वर राहिलेला फ्लोट

मित्रांनो, मी एक जुना फ्लोट आहे. हसलात ना? हसा. फ्लोट म्हणजे काय ते माहीत नसताना माणसं हसतात, आणि माहीत झाल्यावर माझ्यासारख्याचा गळा आवळतात. मला दोन्हींची सवय आहे.

मोटारीच्या बॉनेटखाली पाण्याची एक पांढुरकी टाकी असते. इंजिन तापू नये म्हणून त्याच्याभोवती हिरवं पाणी फिरत राहतं, त्याला कूलंट म्हणतात. त्यातलं थोडं शिल्लक या टाकीत असतं. मी त्या टाकीत पोहणारा, लिंबाएवढा काळा प्लॅस्टिकचा तुकडा. माझ्या पोटात भोक, भोकातून एक दांडी. पाणी वर तर मी वर, पाणी खाली तर मी खाली. मी खाली बसलो की ड्रायव्हरपुढे लाल बत्ती पेटते. संपलं माझं शिक्षण. पण जे शिकलो ते मी कधी चुकवलं नाही.

माझा जन्म परदेशातला. साच्यातून पडलो तेव्हा एका बाईने आम्हा भावंडांना पाण्यात टाकून पाहिलं. बुडाले ते कचऱ्यात गेले, तरंगले ते गाडीत गेले. तिथे कुणाचा वशिला चालत नव्हता. मला वाटलं, जग असंच असतं. केवढा हा भोळेपणा!

पंच्याण्णव साली मी एका पांढऱ्या डिझेल गाडीत बसून सिल्वासाला आलो. मसाटच्या औद्योगिक वसाहतीत एक पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना होता. मालक शेठ मुंबईत राहायचे, महिन्यातून एकदा यायचे. एरवी गाडी वापरायचे माधव साहेब. ते कारखान्याचे मॅनेजर, पुण्याचे इंजिनियर. गाडी चालवायचा समाधान. तो अमळनेरकडचा, ठेकेदाराच्या हाताखालचा हंगामी ड्रायव्हर. डोकमर्डीत एका खोलीत तो आणि त्याची बायको कावेरी राहायचे. त्यांची मुलगी सोनम गावी आजीकडे होती. हंगामी माणसाला आज काम आहे, उद्या नाही, मग पोरीला आणून शाळेत घालायचं कुणाच्या भरवशावर?

"साहेब, मला कायम करा ना. पोरगी आणायची आहे," असं तो गाडी चालवताना अधूनमधून म्हणायचा.

"बघू," साहेब मागून म्हणायचे. "गाडी नीट ठेव, शेठना तक्रारीला जागा देऊ नकोस. दिवाळीला तुझं नाव घालतो."

त्या 'बघू'वर तो माणूस जगत होता. गाडी अशी पुसायचा की माशी बसली तर घसरावी. एकदा पाणी कमी झालं, मी खाली बसलो, बत्ती पेटली. त्याने लगेच गाडी बाजूला घेतली, पाणी भरलं आणि बॉनेटवर थाप मारली. "शाबास! आपली गाडी बोलते भो," असं म्हणाला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. मी ते अजून विसरलो नाही.

मग सत्त्याण्णवचा उन्हाळा आला आणि माधव साहेबांच्या डोक्यात किडा वळवळला. गाडीचं पाणी बदलायचं होतं, आतली नळीनळी धुवायची होती. याला फ्लश करणं म्हणतात. साधं काम, वापीच्या गॅरेजात अर्ध्या दिवसात झालं असतं. पण साहेबांनी शेठना फोनवर फुशारकी मारली होती, की आपल्याकडे सगळं कारखान्यातच होतं. त्यांनी फिटर सुकदेवला बोलावलं.

"सुकदेव, गाडीचं इंजिन म्हणजे काय? छोटा बॉयलरच की! आपण बॉयलर धुतो ते केमिकल घाल आणि फिरव."

सुकदेवने डोकं खाजवलं. "साहेब, ते लई कडक असतंय. मागं पायावर सांडलं तर चप्पल खाल्ली त्यानं."

"तू फिटर आहेस की मॅनेजर?"

सुकदेव फिटर होता. त्याने ओतलं.

आई गं! काय सांगू तुम्हाला. अंगाची कातडी सोलावी तसं झालं मला. गंज सुटला, खळमळ सुटली, पाणी चहासारखं लाल झालं, आणि साहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बघा, कसं साफ निघतंय!" पण बॉयलर असतो जाड लोखंडाचा. गाडीत पाणी फिरवणारा पंप असतो, त्याला नाजूक रबराचं सील असतं. त्या केमिकलने ते सील कुरतडून ठेवलं. वरून काही दिसलं नाही. नवीन हिरवं पाणी भरलं, गाडी चमकली, सगळे खूश झाले.

दुसऱ्याच दिवशी मी खाली आलो आणि बत्ती पेटली.

यात माझी चूक काय? फ्लश केल्यावर नळ्यांमध्ये हवा अडकते. ती हळूहळू निघते, तिची जागा पाणी घेतं, टाकीतली पातळी उतरते. एकदोनदा भर घातली की संपतं. सुकदेवने तेही केलं. गाडीचं तोंड चढावर करून, टाकीचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवलं, आणि आत हीटर लावला. मे महिन्यात हीटर! समाधान आत बसून घामाने निथळत होता आणि बाहेर साहेब उसाचा रस पीत होते. बुडबुडे निघाले, पाणी भरलं, बत्ती विझली. चार दिवसांनी पुन्हा पेटली. मग झाकण बदललं. पुन्हा पेटली. वायर घासून बसवली. पुन्हा पेटली. आता माझ्यावर आळ आला. "हा सेन्सरच फालतू आहे," साहेब म्हणाले. मी फालतू! पाणी जात होतं म्हणून मी सांगत होतो, आणि फालतू कोण तर मी.

एका सकाळी समाधानला गाडीखाली, पंपाच्या बाजूला, ओल दिसली. तो साहेबांना घेऊन आला.

"ए.सी.चं पाणी आहे रे ते," साहेब म्हणाले.

"साहेब, हिरवं आहे."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

समाधान पाणी आणायला निघाला. तो वळताच साहेब खाली वाकले. त्या ओलीत बोट बुडवून त्यांनी वास घेतला आणि रुमालाला पुसलं. इंजिनियर माणूस, कळायचं ते तेव्हाच कळलं त्यांना. आपण काय करून ठेवलंय तेही कळलं. रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि शीळ वाजवत आत गेले. त्या शिळेची मला आजही चीड येते.

पुढच्या आठवड्यात शेठ यायचे होते. साहेबांनी समाधानला केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावरच्या नमुन्याच्या रिळातून हातभर धागा स्वतःच्या हाताने तोडला.

"शेठपुढे ती बत्ती पेटता कामा नये. टाकीतला फ्लोट वर ओढून दांडीला बांधून टाक."

"साहेब, पण पाणी खरंच कमी झालं तर?"

"तू सकाळी भरतोस ना? मग कसं कमी होईल? तुला कायम व्हायचंय की नाही?"

हे सगळं समाधान गाडीजवळ येऊन सुकदेवला सांगत होता, म्हणून मला कळलं. "बांध बाबा," सुकदेव म्हणाला. "साहेबाचं साहेब जाणे."

समाधानने मला बाहेर काढलं. मला शाबासकी देणारा हाच हात. पॉलिएस्टरचा धागा तुटत नाही, पाण्याने सडत नाही. तीन वेढे, दोन गाठी. त्याने मला दांडीच्या वरच्या टोकाला लटकवलं आणि टाकीचं तोंड बंद केलं. त्या क्षणापासून टाकीत पाणी असो नाहीतर नसो, मी वरच. सगळं छान आहे, सगळं छान आहे! लाज वाटत होती मला, पण लाजून खाली यायचीही सोय नव्हती.

शेठ आले. कारखाना पाहिला, जेवले, आणि दुपारी गाडी त्यांना वापी स्टेशनला सोडायला निघाली. मागे शेठ आणि साहेब, पुढे समाधान. सामरवरणीच्या अलीकडेच ते कुरतडलेलं सील पूर्ण गेलं. धो धो पाणी गेलं. माझ्या खालून टाकी रिकामी झाली आणि मी कोरड्यात लटकत राहिलो. गरमी दाखवणारा काटाही फसला, कारण तो पाण्यात असला तरच त्याला ताप कळतो. समाधानपुढे एकही बत्ती नव्हती.

"गाडी मस्त ठेवली हां, माधव," शेठ म्हणत होते, तेवढ्यात इंजिन खडखडलं, बॉनेटमधून जळका वास आला आणि गाडी जागच्या जागी थांबली. शेठ उतरले, घाम पुसत रस्त्यावर उभे राहिले, आणि धाग्याचे खोके नेणाऱ्या टेम्पोत बसून स्टेशनला गेले. जाताना एवढंच म्हणाले, "माधव, ये किसने किया, मेरे को मालूम पडना चाहिए."

वापीच्या गॅरेजात टाकी उघडली. मेस्त्रीने मला दांडीसकट बाहेर काढलं आणि ओरडला, "अरे, ये तो किसीने बाँध के रखा है!" मित्रांनो, तेव्हा माधव साहेबांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. बुडत्याला काडी म्हणतात ना, ती काडी मी झालो. त्यांनी मला धाग्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, अगदी जपून. कुणी मला जपलं असं ते दुसऱ्यांदा, आणि कशासाठी पाहा!

शेठ पुन्हा आले त्या सकाळी, त्यांच्या आधी, साहेबांनी समाधानला केबिनमध्ये घेतलं. मी टेबलावर होतो.

"दोन रस्ते आहेत," साहेब म्हणाले. "शेठपुढे सांग, मीच माझ्या मनाने बांधलं. मी रदबदली करतो आणि तुला शिपाई म्हणून कायम करून घेतो. नाहीतर आजच गेटाबाहेर, आणि वर पोलीस. इंजिन जाळलंयस तू."

"साहेब, धागा तर तुम्हीच दिला."

"कोणता धागा?"

साहेबांनी हे इतक्या शांतपणे विचारलं, की समाधान दोन पावलं मागे सरकला. दारात सुकदेव उभा होता. समाधानने त्याच्याकडे पाहिलं. "सुकदेव भो, तू तरी सांग."

"मला काय माहीत?" सुकदेव म्हणाला. "मी आपला साध्या पाण्यानं फ्लश केला." साध्या पाण्यानं! त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

समाधान पुटपुटला, "पोरगी आणायची आहे साहेब." शेठ आल्यावर त्याने हात जोडले आणि शिकवलेलं सगळं बोलला. शेठनी शिव्या दिल्या, साहेबांनी मध्ये पडून त्याला वाचवलं. नाटक असं झकास वठलं की मलाच क्षणभर खरं वाटलं.

गाडीला नवं इंजिन आलं, नवा फ्लोट आला, नवा ड्रायव्हर आला. समाधान केबिनमध्ये चहा द्यायला लागला. आणि मी? साहेबांनी मला, तो धागा तसाच ठेवून, टेबलावर पेपरवेटशेजारी मांडलं. कुणी पाहुणा आला की मला उचलून म्हणतात, "हा आमचा खोटारडा. कामगार किती बेइमान असतो त्याचा नमुना." पाहुणे हसतात. समाधान ट्रे घेऊन उभा असतो. साहेब विचारतात, "काय रे, खरं ना?" तो म्हणतो, "हो साहेब." पहिल्यांदा त्याचा आवाज चिरकला होता. आता तो चटकन म्हणतो.

दिवाळीला तो खरंच कायम झाला. कावेरी पेढे घेऊन आली, नवं लुगडं नेसून. बोटाशी सोनम होती, गावाहून आणलेली, दोन वेण्या घातलेली. पोर दारातूनच बापाकडे बघून हसत होती. तिच्या लेखी तिचा पप्पा अजून ड्रायव्हर होता, पांढऱ्या गाडीचा.

"ये बेटा," साहेबांनी तिला जवळ घेतलं आणि मला तिच्या हातात दिलं. "हे काय आहे माहीत आहे? गाडीत पाणी कमी झालं की हा सांगतो. तुझ्या पप्पांनी याला बांधून ठेवलं, म्हणजे कुणाला कळू नये. सगळं इंजिन जळलं. तरी मी त्यांना घरी पाठवलं नाही. म्हणून नेहमी खरं बोलायचं. काय?"

कावेरीचा पेढ्याचा पुडा हातातच राहिला. "खरं हाय का हो?" तिने नवऱ्याला विचारलं.

बोल रे, बोल! मी मनात ओरडत होतो. केबिनमध्ये तुझी बायको आहे, तुझी पोरगी आहे, एकदा तरी बोल!

"हो," समाधान म्हणाला. "मीच बांधलं. माझीच चूक व्हयनी, माझ्याच हातून झाली."

कावेरी वाकली आणि तिने साहेबांचे पाय धरले. "साहेब, तुम्ही पोटात घातलं. देवमाणूस आहात तुम्ही." तिने सोनमलाही वाकायला लावलं. पोरीने नमस्कार केला, मला टेबलावर ठेवलं आणि हात फ्रॉकला पुसले. जाताना समाधानने तिच्यापुढे बोट केलं. ती आईच्या दुसऱ्या बाजूला गेली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं. वेळच्या वेळी पाणी बघा, बत्ती पेटली तर गाडी थांबवा, हे मी मागणार नाही. ते गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि माधव साहेबांना ते पाठ आहे. मी मागतो ते वेगळं आहे. कुणी मोठा माणूस एखादी वस्तू हातात देऊन तुम्हाला खरेपणा शिकवायला लागला, तर त्याच्याकडे बघत बसू नका. चहाचा ट्रे घेऊन बाजूला जो उभा असेल त्याला नंतर एकटं गाठा, त्याचा हात धरा आणि काय झालं ते त्याला विचारा. सोनमने अजून विचारलेलं नाही.