बारीक टोकाचं माप

रेइनो पालोसारी चौतीस वर्षं कागदाच्या गिरणीच्या फाटकावर ओंडके मोजत होता, आणि त्या चौतीस वर्षांत त्याचं माप चुकलं असं म्हणणारा माणूस सबंध परगण्यात निघाला नव्हता. निदान तोंडावर तरी. त्यामुळे पुढच्या खोलीत नवी जमीन घालायची ठरली तेव्हा त्याने दुकानाच्या मोजणाऱ्याला घरात पाऊल टाकू दिलं नाही.

जमीन घालायची होती ती लेम्पीसाठी. झटक्याने बायकोची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, आणि शुक्रवारी ती चाकांच्या खुर्चीतून घरी यायची होती. जाड गालिच्यात चाकं रुततात, तेव्हा गालिचा निघणं भागच होतं. पण मुलीने, डार्लीनने, त्याला एक अट जोडून ठेवली होती.

"बाबा, स्पष्टच बोलते. मागच्या महिन्यात सॉनाची भट्टी पेटती ठेवून तुम्ही मासे धरायला गेलात. आईला तुमच्या भरवशावर कशी ठेवू? ही एक खोली स्वतः मोजून, स्वतः घालून, नीट करून दाखवा. मग वृद्धनिवासाचं नाव मी काढणार नाही. नाहीतर तिथली जागा मी धरून ठेवलीय."

"तू कोण, परीक्षक?"

"मुलगी. परीक्षकाला निदान लाच देता येते."

रेइनोने त्याच संध्याकाळी टेप काढली. खोलीतलं सामान जिथल्या तिथेच होतं. रुंदी अकरा फूट, लांबी अठरा. एकशे अठ्ठ्याण्णव चौरस फूट. वीजबिलाच्या पाकिटावर आकडा लिहून त्याने त्याखाली दोन रेघा ओढल्या. गिरणीत एकदा दोन रेघा ओढल्या की तो आकडा साहेबसुद्धा बदलत नसे.

दुकानातला ड्वेन पाकीट बघून म्हणाला, "दहा टक्के जास्त घ्या काका. कापाकापीत जातं."

"ज्यांना कापता येत नाही, त्यांचं जातं."

"सगळेच घेतात हो."

"एका खोक्यात वीस फूट. दहा खोकी, दोनशे. दोन फूट उरतात, त्यावर तू जेवायला बस."

"अहो, हा रंग कंपनीने बंद केलाय. माझ्याकडे बाराच खोकी आहेत. उद्या धावत याल तर मी कुठून आणू?"

"आलो तर चिमटे काढ," रेइनो म्हणाला आणि दहा खोकी घेऊन गेला.

रंग लेम्पीने निवडलेला होता. इस्पितळात त्याने तिच्या मांडीवर व्हिनाइलच्या पट्ट्यांचे सात नमुने मांडले होते, आणि तिने डाव्या हाताच्या बोटाने ओल्या वाळूच्या रंगावर दोनदा टकटक केली होती. झटक्यानंतर तिने स्वतः ठरवलेली ती पहिली गोष्ट. म्हणून तर त्याने पट्ट्यासुद्धा खाली कायमच्या चिकटवायच्या घेतल्या. उखडणार कोण होतं त्या?

गालिचा काढून, सामान इकडून तिकडे ढकलत, गुडघे बांधून त्याने तीन दिवस काम केलं. गुरुवारी दुपारी डावीकडच्या भिंतीचं मोठं कपाट सरकवलं आणि शेवटची रांग धरली. स्वयंपाकघराच्या टोकाला पट्टी भिंतीला अशी जाऊन टेकली की त्याने स्वतःलाच मान डोलावली. मग मागे वळून पाहिलं. रस्त्याकडच्या टोकाला, दारापाशी, दोन फूट जमीन उघडी होती. कापलेल्या केकच्या तुकड्यासारखी निमुळती होत ती स्वयंपाकघरापर्यंत आली होती. खोकी रिकामी.

त्याने दाराशी टेप लावली. तेरा फूट.

लेम्पीच्या भावाने ओसरी बंद करून खोलीत घेतली, तेव्हा भिंत तिरकी ओढली होती. चाळीस वर्षं रेइनो त्याच भिंतीवर टोपी अडकवत होता. पण टेप आपसूक गेली ती स्वयंपाकघराच्या टोकाला. फाटकावरचा पहिला धडाच तो: ओंडक्याचं जाड टोक बघायचं नाही. माप बारीक टोकाचं, पैसे बारीक टोकाचे, जाडी गिरणीला फुकट. चौतीस वर्षं हात बारीक टोकाकडेच वळत आलेला, तो एका खोलीसाठी कशाला थबकेल?

त्याने ड्वेनला फोन लावला.

"कालच गेली दोन्ही खोकी, काका. शिकागोचा एक जण तळ्यावरच्या बंगल्यात घालतोय. संडासात." चिमटा काढायची ड्वेनलाही हिंमत झाली नाही.

रात्रीपर्यंत रेइनोने प्लायवूडचा निमुळता तुकडा कापला, होडीचा उरलेला तपकिरी रंग दिला आणि तो असा बसवला की सांध्यात नखसुद्धा शिरू नये.

शुक्रवारी डार्लीनने खुर्ची दारातून आत ढकलली. चाकं तपकिरीवरून वाळूच्या रंगावर गेली, जरासुद्धा अडखळली नाहीत. डार्लीन मात्र थांबली.

"हे काय?"

"माप दोन फुटांनी कमी आलं. सांगतो तुला. ओंडका असतो ना, त्याचं जाड टोक—"

"ओंडका?"

"बारीक टोकाला मोजायचं असतं. आणि ही खोली, बघ, स्वयंपाकघराकडे बारीक आहे..."

तो सांगत गेला आणि त्याला आपलं बोलणं स्वतःच्याच कानांनी ऐकू येऊ लागलं. एक म्हातारा खोलीला ओंडका म्हणत होता. डार्लीन हळुवार मान हलवत होती. तिने ओरडायला हवं होतं. ओरडली असती तर भांडता तरी आलं असतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "कळलं मला."

तेवढ्यात लेम्पीने डावा हात उचलला. स्वयंपाकघराकडे बोट दाखवून अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, जरासंच अंतर ठेवून. मग दाराकडे वळून पाची बोटं फाकवली. अर्धं तोंड हसत होतं, खांदे हलत होते. ओंडके मोजणाऱ्याच्या बायकोला सगळं कळलं होतं.

"पाणी हवंय का, आई? थोडंसं?"

"पाणी नाही," रेइनो म्हणाला. "ती म्हणतेय की मी—"

"बाबा, पुरे."

लेम्पीने पुन्हा दोन बोटं जवळ आणली, या वेळी डार्लीनच्या तोंडासमोर. डार्लीनने पाण्याचा पेला आणून त्या बोटांत दिला आणि फोन घेऊन बाहेर पायरीवर गेली. लेम्पी पेल्याकडे बघत राहिली. हसू कधी गेलं ते रेइनोला दिसलंच नाही.

दार अर्धवट उघडून डार्लीनने डोकं आत घातलं.

"वृद्धनिवासातली खोली बारा बाय चौदा आहे, बाबा. कुठलं कपाट न्यायचं ते ठरवा."

'बारा कुठल्या टोकाला?' असं रेइनोच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आता ते विचारायची सोय राहिली नव्हती.