देवराईखालची पांढरी खाडी

सभागृहाच्या टेबलावर नकाशा पसरला तेव्हा लेयिराने आधी आपली खाडी शोधली. तेल सांडून नासलेली गावाची सगळी खाजणं त्यावर लाल रंगवली होती. लाल म्हणजे तिथला तेलकट चिखल काढणार आणि नव्याने तिवरं लावणार. देवराईखालची तिची खाडी तेवढी पांढरी होती.

"आमचीच कोरी का?" तिने विचारलं.

आराखडा करणारी इबिम पोर्ट हारकोर्टहून आली होती. तिने वही चाळून सांगितलं, की तिथली माती तपासलेलीच नाही. जागा स्वच्छ आहे, असं गावानेच कळवलं होतं.

कोणी कळवलं, हे विचारायची गरज नव्हती. लेयिराचे सासरे तुआका देवराईचे राखणदार. दोन वर्षांपूर्वी माती तपासणारे लोखंडी नळी घेऊन आले, तेव्हा म्हाताऱ्याने त्यांना वाटेतच गाठलं. देवराईच्या मातीत लोखंड घालायचं नाही आणि का नाही ते परक्याला सांगायचंही नाही, हा तिथला नेम. म्हणून तुआकांनी ठोकून दिलं, की इथे तेलाचा थेंबही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! संध्याकाळी घरी त्यांनी त्या लोकांची फजिती रंगवून सांगितली आणि लेयिरा पोट धरून हसली. त्याच खाडीतले खायचे शंख वेचून तिने तीन मुली वाढवल्या होत्या. आता ती बाजारात परगावचे शंख विकते.

सभागृहात मागे बसलेले तुआका काठी टेकत उठले. "बाई, मी खोटं बोललो. आणा तुमची नळी, मीच वाट दाखवतो."

इबिमला वाईट वाटलेलं दिसत होतं. "बाबा, यादी बंद झाली. आता पुढचा टप्पा. सात वर्षं तरी लागतील."

"सात वर्षं मी कुठला जगतोय," म्हातारा म्हणाला आणि बाहेर पडला.

घरी न जाता तुआका देवराईच्या कडेला थांबले आणि त्यांनी मागून आलेल्या सुनेकडे तिचा कोयता मागितला. लोखंडाचा कोयता. तिने तो दिला. बायकांनी आत जायचं नाही, म्हणून ती बाहेरच उभी राहिली. ते परतले तेव्हा मुठीत काळा, चकाकता चिखल होता.

"देवाच्या पायाशीच आहे," ते म्हणाले. "वास रोज यायचा, पोरी. मी म्हणायचो, वाऱ्यावर येतोय."

"मलाही यायचा, बाबा," लेयिरा म्हणाली. "त्या दिवशी हसले, तेव्हाही येत होता."