मोजणीमास्तरांची घडीची खुर्ची

मित्रांनो, बसा. माझ्यावर मात्र नको, माझा मागचा पाय जरा डुगडुगतो. मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. लोखंडी नळ्यांचे चार पाय, बसायला जाड हिरवे कापड आणि पाठीमागे पांढऱ्या रंगात लिहिलेला सतरा हा आकडा, एवढाच माझा पसारा. पण वयाने मी तुमच्या आईपेक्षा मोठी आहे, तेव्हा जरा मान ठेवून ऐका.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यासारख्या तीस जणींची एका रस्तेखात्याने मागणी केली होती. मला वाटले, आता एखाद्या साहेबाच्या खोलीत पंख्याखाली बसायला मिळणार! कसले काय, पहिल्याच दिवशी मला एका चौकात नेऊन फुटपाथवर उघडले. ऊन, धूळ आणि धूर यांच्यात मी बावीस वर्षे काढली.

माझ्यावर बसणाऱ्या माणसाचे काम होते वाहने मोजायचे. चौकातून किती ट्रक गेले, किती बस, किती सायकली, हे कळल्याशिवाय खात्याला रस्ता रुंद करता येत नसे. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावर आडवी, अशी त्यांची वही भरत जाई. खात्याचा नियम कडक होता. जे पुढे जाईल तेवढेच मोजायचे, थांबलेले मोजायचे नाही. त्यांनी हा नियम कधी मोडला नाही आणि त्यांची मोजणी कधी चुकली नाही. म्हणून सगळे त्यांना मोजणीमास्तर म्हणत. एकदा मोठे साहेब आले, माझ्यावर टेकले आणि म्हणाले, "खुर्ची भक्कम आहे हं!" साहेबांचे वजनही तसेच भक्कम होते. त्या कौतुकावर मी पुढची दहा वर्षे काढली.

मग मोजणारी यंत्रे आली. माझ्या बहिणी भंगारात गेल्या. मास्तर निवृत्त होताना एवढेच म्हणाले, "सतरा नंबर मी घरी नेतो." घरी आल्यावर मात्र मला दाराआड उभे केले ते केलेच. माझ्या पाठीवर छत्र्या लटकल्या, ओली पायपुसणी वाळली आणि माझ्या बिजागऱ्या गंजल्या. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

दाराआडून मला घर मात्र नीट दिसे. मास्तरांची बायको, म्हणजे तुमच्यासारख्यांची आजी, फार बोलकी. मास्तर मुळातच अबोल, त्यात म्हातारपणी एक कान गेलेला. आजी स्वयंपाकघरातून काही सांगे आणि ते अर्धे वाटेतच सांडे. तरी तिला जिन्यात, गच्चीवर, दुकानात कोणी ना कोणी भेटे, म्हणून तिचे बरे चालले होते.

पण घर तिसऱ्या मजल्यावर होते आणि आजीच्या गुडघ्यांनी संप पुकारला. पायऱ्या अठ्ठावन्न. मास्तरांनीच मोजल्या होत्या, दुसरे कोण मोजणार? त्या थंडीत आजी दोन महिने खाली उतरली नाही. भाजीसुद्धा दोरीला पिशवी बांधून वर ओढायची. सगळ्यात वाईट म्हणजे तिचे बोलणे कमी झाले. मास्तरांना ऐकू कमी येत असे, पण ही शांतता त्यांना बरोबर ऐकू आली. त्यांनी लेकीला फोन केला आणि म्हणाले, "तळमजल्याचं घर बघ."

लेक कामसू. तिने पंधरा दिवसांत दोन घरे निवडली. एक गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत होते, मोठ्या खोल्या, दारापर्यंत उतार आणि समोर हिरवळ. दुसरे बाजारामागच्या गल्लीत, दोनच लहान खोल्या आणि दाराशी एक पायरी.

"बाबा, शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय," लेक म्हणाली. "मला विचाराल तर पहिलंच घ्या. दुसऱ्या घरात तुमचं कपाटसुद्धा मावायचं नाही."

मास्तर दाराआड आले. त्यांनी छत्र्या काढल्या, मला पुसले आणि बिजागऱ्यांना तेल घातले. मित्रांनो, माझ्या जिवात जीव आला! पुढचे दोन दिवस आम्ही पुन्हा कामावर होतो. मास्तर प्रत्येक घरासमोर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास माझ्यावर बसले. वसाहतीत एका सकाळी अकरा गाड्या गेल्या. गल्लीत तीनशे शेहेचाळीस, आणि भोंग्यांची तर मोजदादच नाही.

"ठरलं," मास्तर घरी येऊन म्हणाले. "वसाहत. एकदम शांत आहे."

आजीने वही बघितली. मग खुंटीवरची शाल घेतली.

"अहो, मोजून झालं ना तुमचं? आता मला बसू द्या."

"तू काय मोजणार?"

"मी काही मोजणार नाही. मी नुसती बसणार."

शुक्रवारी सकाळी लेकीने आणि मास्तरांनी दोन्ही बाजूंनी धरून तिला अठ्ठावन्न पायऱ्या उतरवल्या. मग लेकीने आम्हाला वसाहतीत सोडले. आजी हिरवळीसमोर माझ्यावर बसली आणि मास्तर सवयीने वही उघडून पलीकडच्या कठड्यावर. काचा चढवलेल्या गाड्या येत आणि फाटकातून आत जात. पहारेकऱ्याने खोलीतून एकदा मान वर करून बघितले आणि पुन्हा खाली घातली. कोणी वाईट वागले नाही. कोणी काही वागलेच नाही. दीड तासाने आजीने माझ्या लोखंडी नळीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "काय गं, तुझे पण पाय दुखतात का?"

इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी पहिल्यांदाच बोलले होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला रडू आले. माणसांची एवढी हौस असलेल्या बाईवर खुर्चीशी बोलायची वेळ यावी!

संध्याकाळी गल्लीत गेलो. मी उघडते न उघडते तोच समोरच्या टपरीतला इस्त्रीवाला ओरडला, "आजी, थोडं अलीकडे सरका, सायकलवाले बघत नाहीत!" मग तो स्वतःच आला आणि मला आजीसकट हात देऊन सावलीत सरकवले. "कुणाची वाट बघताय?"

"घर बघतेय रे. हे कोपऱ्यातलं."

"घ्या की मग! पाणी सकाळी येतं, पण भरपूर येतं."

औषधांच्या दुकानातली बाई दार ओढून घेता घेता थांबली आणि गुडघ्यांची चौकशी करून गेली. शाळेतून परतणाऱ्या दोन मुली थांबल्या, त्यांना माझ्या पाठीवरचा सतरा आकडा कसला ते हवे होते. आजीने माझी सगळी कहाणी तिखटमीठ लावून सांगितली. मी कधी ट्रकखाली सापडले नव्हते, पण ऐकायला छान वाटले. शेवटी शेजारच्या घरातली एक म्हातारी स्वतःचे स्टूल घेऊन आली आणि आमच्या शेजारी ठाण मांडून बसली. "मी तर रोज बसते इथे. पण एकटीने कंटाळा येतो हो," ती म्हणाली. मग त्या दोघींना ना गाड्यांचे भान राहिले ना आमचे.

पलीकडच्या पायरीवर मास्तरांची पेन्सिल थांबली होती. बावीस वर्षांत ती कामाच्या वेळी कधी थांबली नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी कोरे पान काढले, मध्ये एक रेघ ओढली आणि वर लिहिले, 'थांबले'.

लेक न्यायला आली तेव्हा ते म्हणाले, "तिकडे थांबले शून्य. इथे पाच. इतकी वर्षं मी चुकीचंच मोजत होतो गं."

"बाबा, पण कपाट?"

"कपाट तू घेऊन जा. आणि ही हसली किती वेळा, तेही मोजत होतो." त्यांनी आजीकडे बघितले. "नवापर्यंत मोजलं. मग मोजायचंच विसरलो."

आजी लाजली. या वयात लाजली! आणि मास्तरांच्या ऐकू येणाऱ्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. ते मला ऐकू आले, पण सांगणार नाही.

आता मी त्या गल्लीतल्या दाराबाहेर असते. इस्त्रीवाल्याने माझे फाटलेले कापड शिवून दिले. मागचा पाय तेवढा राहिलाय. एकाच पायरीचे घर, त्यामुळे आजी दिवसातून चारदा बाहेर येते. गाड्यांचा गोंगाट आहेच. मास्तर त्या बाजूला बहिरा कान करून बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी दाराआड पडली असेल, तर तिला पुसा आणि बिजागरीला थेंबभर तेल घाला. तुमच्या आजी-आजोबांसाठी कधी घर बघायला गेलात, तर नुसत्या फरश्या आणि खिडक्या बघून परत येऊ नका. त्यांना तिथे दोन तास बसू द्या. आणि रस्त्याच्या कडेला एखादी म्हातारी एकटीच खुर्ची टाकून बसलेली दिसली, तर घाईत असलात तरी घटकाभर थांबा आणि विचारा, "आजी, कुणाची वाट बघताय?" मास्तरांच्या वहीत त्या रकान्याला अजून भरपूर जागा आहे. त्यात एक रेघ तुमचीही पडू द्या.