खिशाचं झंपर

माझ्या नवऱ्याने काढलेल्या एकाही बाईला हात नव्हते. म्हणजे असतील, पण दिसायचे नाहीत. कुणाचे पदराखाली, कुणाचे पाठीमागे, आणि एकीचे तर कोपरापर्यंत पिठाच्या परातीत. नव्या फॅशनचं झंपर घालून कोणती बाई पीठ मळायला बसते, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांचं नाव कानिफनाथ. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून एकदाच घेतलं. पोटासाठी हे ट्रॅक्टरवर नावं रंगवायचे, दुकानांच्या पाट्या लिहायचे. जीव मात्र फॅशनच्या चित्रांत. पाथर्डीच्या पेठेत राधाकृष्ण टेलर होते, त्यांच्या दुकानात यांची चित्रं टांगलेली असत. बायकांनी चित्रावर बोट ठेवायचं, 'असं शिवा' म्हणायचं, की टेलर तसं शिवणार. नवे गळे, नव्या बाह्या हे कुठून आणायचे? भज्यांना गुंडाळून आलेल्या मासिकाच्या पानांतून, नाहीतर नगरहून येणाऱ्या मास्तरणींच्या अंगावरून. एकदा स्टँडवर एका बाईकडे इतका वेळ टक लावून उभे राहिले की तिच्या नवऱ्याने कंडक्टरला हाक मारली. "मी फकस्त गळा बघत व्हतो," असा यांनी खुलासा केला. त्याने प्रकरण मिटायचं सोडून वाढलंच.

चित्रासाठी समोर उभी मात्र मीच. खांदे माझे, मान माझी, कंबर माझीच पण निम्मी केलेली. तोंड सिनेमातल्या कुणाचं तरी असायचं. त्याचं मला काही वाटत नव्हतं. हातांचं मात्र वाटायचं.

लग्नाआधी मी आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचे. तळहाताला गट्टे पडलेले, आणि डाव्या करंगळीवर एकदा कोयता बसला तेव्हापासून ती बाहेरच्या अंगाला वाकडी. माझ्या मनाने घेतलं की यांना माझ्या हातांची लाज वाटते. एकदा मनाने घेतलं की मग पुराव्यांना काय तोटा? प्रत्येक चित्र पुरावाच. मी तोंडाने बोलले नाही, भाकरी करपवली. हे करपलेली भाकरी मुकाट्याने खायचे, हाही मला पुरावाच वाटला.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या सालची लगीनसराई. राधाकृष्ण टेलरांनी दुकानाबाहेर लावायला माणसाच्या उंचीची पाटी सांगितली. "उभी बाई पायजे. पदर मागं. हातात छत्री न्हाई, परात न्हाई, काई न्हाई. झंपर समदं दिसलं पायजे." हे घरी आले आणि कोऱ्या पाटीपुढे बसून राहिले. जेवायला हाक मारली तरी हललेही नाहीत. मग एकाएकी उठले, त्या बाईच्या लांब झंपराला दोन्ही बाजूंनी खिसे काढले आणि तिचे हात मनगटापर्यंत आत खुपसून टाकले. बाई अगदी तलाठ्यासारखी उभी होती.

"बायांच्या झंपराला खिसं?" टेलर ओरडले.

"फॅशन हाय," हे म्हणाले. या शब्दापुढे पाथर्डीत कुणाचं चालत नसे.

पहिल्या आल्या मळ्यातल्या बनुबाई. बागायतीण, बोलायला फटकळ. पाटीपुढे उभ्या राहून त्यांनी यांना विचारलं, "कानिफ, ही बया खिशात काय चाचपतीय रं?"

"पैसं असत्याल, मावशी."

बनुबाई गंभीर झाल्या. त्यांचे पैसे पदराच्या गाठीत असत, आणि कोणत्या गाठीत किती ते त्यांच्या मालकांना पाठ होतं. "राधाकृष्णा, घे माप," त्या म्हणाल्या. "अन् खिसं खोल ठिव. आमच्या मालकाचा हात पोचाय नको."

आठवडा-दोन आठवड्यांत खिशाचं झंपर घरोघरी गेलं. बायका बाजारात खिशात हात घालून भाव करू लागल्या आणि वांगी खरोखर स्वस्त झाली. बाईमाणसाला खिसा कशाला, अशी चर्चा पारावर झाली. पण चर्चा करणाऱ्यांच्या घरीच दोन-दोन झंपरं शिवायला टाकलेली. नगरचा एक कापडवाला खास हे बघायला आला. आमच्या ओट्यावर बसून चहा घेताना त्याने यांना विचारलं, "तुम्हाला ही प्रेरणा मिळाली कुठून?"

"प्रेरणा घरातच हाय," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

मी आत गेले आणि भांडी आपटली. प्रेरणा घरात आहे म्हणे! मग घरातल्या प्रेरणेला हात नव्हते का?

चार दिवसांनी छगन कासार तणतणत आले. पेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान. "कानिफ, तुझ्या खिशांनी माझं वाटुळं केलं! हात खिशात गेल्यावर बांगड्या बघतंय कोन? आता नुसकान तूच भर. माझ्या दुकानाला पाटी रंगव. बाई नको, झंपर नको, नुसता एक हात, बांगड्यांनी भरल्याला. हातच्या कांकनाला आरसा कशाला!"

यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. "येळ न्हाई मामा. लई कामं हायती."

दोन दिवस घरात एक काम नव्हतं, हे मला ठाऊक होतं. कासारमामा वळले तशी मी बाहेर आले आणि दोन्ही हात यांच्या नाकासमोर धरले. "लाज वाटती ना ह्या हातांची? म्हनून समद्या बाया थोट्या केल्या! एकदा तोंडानं सांगा, म्हंजी मी गप बसते."

हे हळूच म्हणाले, "लाज वाटती, पर तुझ्या हातांची न्हाई. लंका, मला हात काढायलाच येत न्हाईत गं."

"खोटं!"

"डराईंगच्या परीक्षेला बाजार काढायचा व्हता. मी समद्या मान्सांचं हात घोंगडीत घातलं. परीक्षकानं नापास केलं. म्हनला, येवढी थंडी नगर जिल्ह्यात कुटं पडती?"

"मग काढून दाखवा."

त्यांनी कोळसा घेतला आणि फरशीवर काढलं. कोबीच्या गड्ड्यात गवारीच्या शेंगा खोवल्यासारखं काहीतरी झालं. मी शेंगा मोजल्या. सहा भरल्या. मला असं हसू फुटलं की मी खालीच बसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते मात्र हसण्याचं नव्हतं. इतके दिवस मी भाकऱ्या करपवत होते, आणि हा माणूस नुसता बोटांना भीत होता. मला फार बरं वाटलं, आणि त्यांची फार दया आली.

मी कासारमामांसाठी एक कोरी पाटी आडवी केली आणि तिच्यावर डावा हात पसरून ठेवला. "मारा कडंकडंनं रेघ."

बोटांच्या मधून कोळसा फिरला तशा गुदगुल्या झाल्या. करंगळीही आली तशीच, वाकडी. रंगवताना सरळ करतील, असं मी धरून चालले.

पाटी द्यायच्या दिवशी मीही नवं झंपर घालून बरोबर गेले. छगनमामांनी पाटी उजेडात धरली. मनगटभर हिरव्या बांगड्या, आणि करंगळी होती तशीच. "हात झ्याक जमलाय," मामा म्हणाले. "तेवढी करंगळी वाकडी हाय. सरळ करून दे, मग लावतो."

खिशात माझ्या मुठी आवळल्या. हा माणूस टेलरच्या एका शब्दावर गळे बदलणारा, गिऱ्हाइकाच्या एका शब्दावर पाटीचे रंग बदलणारा. आता ब्रश काढणार, हे मला दिसत होतं.

हे म्हणाले, "न्हाई जमायचं, मामा. समद्या दुनियेत मला येवढा एकच हात काढता येतो."

मी खिशातून डावा हात काढला आणि बांगड्या भरायला मामांपुढे धरला.